दुमडलेलं टोक

दिवा राहू दे तसाच. भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी दिवा मालवायला धावतात. मला उजेड लागतो. घाबरते म्हणून नव्हे हं. मी बोलत असताना समोरचा तोंड वाकडं करतो की काय, ते मला बघायचं असतं. आणि आधीच सांगते, हे रात्री बारा वाजता वगैरे काही घडलेलं नाही. रविवारची दुपार होती, अडीच वाजले होते. जेवणाचं ताट घासून, हात पुसत पुसत मी घराला लागूनच असलेल्या गॅरेजचं शटर वर केलं. काम साधं होतं. बाबांच्या गाडीला स्कॅनर लावायचा आणि तिचं काय दुखतंय ते विचारायचं.

मी लिफ्ट दुरुस्त करते. अकरा वर्षं झाली. गाड्या हा माझा प्रांत नाही, पण वायर ती वायर, ती लिफ्टमध्ये असो नाहीतर इंजिनावर. गाड्या बाबांच्या. चाळीस वर्षं त्यांनी मेकॅनिकचं काम केलं आणि हाताला असा गुण की लोक तीन-तीन गावं ओलांडून यायचे. एकच खोड. चूक कबूल करायची म्हटली की त्यांच्या जिवावर यायचं. नट चुकायचा, पाना चुकायचा, गाडीवाला चुकायचा, हवामानसुद्धा चुकायचं. बाबा कधी चुकले नाहीत. आई होती तोवर ती हसायची, म्हणायची, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' आई गेल्यावर तेवढं म्हणणारंही कोणी उरलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी, पहाटे, बाबांच्या छातीत कळ आली. मी कामावर होते, रात्रपाळीला. दादानं त्यांना याच गाडीत घातलं. हॉस्पिटल अकरा मिनिटांवर. आठ मिनिटं गाडी नीट गेली आणि पुलाच्या चढावर आचके देऊन बंद पडली. दादानं चावी मारली, थोडी चालली, पुन्हा बंद. असं करत करत पोचायला चाळीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर...

आणि गंमत अशी, की हॉस्पिटलच्या दारात तासभर उभी राहिलेली ती गाडी नंतर एका चावीत सुरू झाली. दुसऱ्या मेकॅनिकनं तिला एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, हिला काहीही झालेलं नाही. झालं! घरात माणसं जमलेली, आणि सगळ्यांच्या देखत आमची आत्या, बाबांची थोरली बहीण, म्हणाली, "ही गाडी माझ्या भावाच्या हातची आहे. हिच्यात खोट निघणं शक्य नाही. खोट चालवणाऱ्यात."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दादा तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

त्यानंतर तो घरी राहिलाच नाही. त्याच्या शाळेजवळ, दुसऱ्या गावात, एक खोली घेतली. गाडी चालवणं सोडलं. फोन केला की प्रत्येक वेळी तेच विचारायचा, "पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी क्लच घाईत सोडला असेन का गं?" मी म्हणायचे, नाही रे बाबा. तो म्हणायचा, "तुला काय माहीत? तू नव्हतीस." खरंच होतं ते. मी नव्हते. माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर वाळत चालला होता आणि माझ्या हातात एकही पुरावा नव्हता. त्या शुक्रवारी त्याचा फोन आला, "सोमवारी सकाळी नऊला भंगारवाला येईल. त्याला चावी देऊन टाक. मला ती गाडी जगात नकोय."

म्हणजे माझ्याकडे एक रविवार होता.

रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावून ठेवलेली होती. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला, चावी फिरवली. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा विझलेला होता, सगळं कसं गुण्यागोविंदानं. पण गाडीचा कंट्रोलर विसरत नाही. स्क्रीनवर जुना कोड आला, तीन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष.

मी सीटवरच ओरडले, "दादा, सापडली!" मग आठवलं, घरात कोणी नाही.

इंजेक्टर म्हणजे काय, तर इंजिनाला पेट्रोलचा फवारा मारणारी तोटी. विजेवर उघडते, विजेवर मिटते. सर्किटमध्ये दोष म्हणजे एक तर तोटीची कॉइल गेलेली, नाहीतर तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. बॉनेट उचललं, हातदिवा हुकाला टांगला, चारही इंजेक्टरचे प्लग काढून मीटर लावला. चारही सारखे, तेरा ओहम आणि थोडे वर. तोट्या ठणठणीत. मग राहिली वायर.

प्लग परत बसवले, गाडी सुरू केली. शटर अर्थातच सताड उघडं ठेवलं. बंद खोलीत इंजिन चालवणं म्हणजे स्वतःच्या हातानं विष घेणं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला, ही बाबांची शिकवण. आत टिक टिक टिक ऐकू येतं. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. चौघं शहाण्या मुलांसारखे बोलत होते. पाच मिनिटांनी मी इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली, बॅटरीची तार सोडवली आणि वायरिंग बघायला वाकले.

टिक.

गरम इंजिन थंड होताना पत्रा वाजतो, त्याचं काही नाही. पण हे एका लयीत होतं. टिक... टिक... टिक... मी स्क्रूड्रायव्हर उचलला. एक नंबर गप्प. दोन गप्प. चार गप्प. तीन नंबरवर टेकवला, तर कानात स्पष्ट, टिक... टिक... बॅटरीची तार माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती.

मी श्वास धरून ऐकत राहिले. आवाज सावकाश होत गेला आणि थांबला. आणि माझ्या डोक्यावर, उचललेल्या बॉनेटच्या वरच्या बाजूनं, पान्याचा एकच ठोका पडला. ठक.

आता हे ठोक्याचं सांगायला हवं. लहानपणापासून दादा नाहीतर मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचो आणि बाबा बॉनेटमध्ये. इंजिनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ते पान्यानं ठोकायचे. दोन ठोके म्हणजे सुरू कर. एक ठोका म्हणजे थांब. आमच्या घरात ते इतकं मुरलेलं, की जेवताना ताटात नको असेल तरी आम्ही टेबलावर एकदाच टकटकवायचो.

आणि वास आला. पेट्रोलचा नाही. त्यांच्या हात धुवायच्या पावडरीचा. तो डबा मी स्वतः कचऱ्यात टाकला होता.

खरं सांगू? मी घाबरले नाही. मला रडू फुटलं. "बाबा?" म्हटलं. "बाबा, मी आहे... ठिणगी." त्यांनीच ठेवलेलं नाव. मला वाटलं, आले! लेकराच्या मदतीला बाप आला. आता दाखवतील, कुठे आहे ते.

माणूस किती भाबडं असतं बघा.

बॅटरी जोडली, पुन्हा इंजिन सुरू केलं. दादाची गाडी आठ मिनिटं चालून बंद पडली होती. मी चालवली ती पाचच मिनिटं. दोष गरम झाल्यावर निघत असणार, म्हणून दुसऱ्या मेकॅनिकला छोट्याशा चकरेत तो सापडला नाही. हे डोक्यात आलं आणि मला माझाच राग आला. इतकी साधी गोष्ट तीन महिने सुचली नव्हती. गाडी तशीच चालू ठेवून मी वायरींचा जुडगा हळूहळू हलवत पुढे सरकू लागले. बॉनेटवर ठक. मी हात थांबवला. पुन्हा हलवला. ठक.

मग उजेड कमी झाल्यासारखा वाटला. वळून बघते तर शटर गुडघ्यापर्यंत खाली आलेलं. आवाज नाही, खडखड नाही. आणि इंजिन चालू, आतला धूर आतच.

तेव्हा माझं डोकं सटकलं. मी धावत जाऊन शटर वर ढकललं. ते माझ्या हातावर रेटत होतं, वरून कोणी दाबावं तसं. मी ते खांद्यावर घेतलं, पायानं गिअरबॉक्स पेलायचा उंच जॅक ओढला, खाली उभा करून पेच फिरवला. घट्ट. शटर जॅकवर कुरकुरलं आणि थांबलं.

"काय चाललंय हे?" मी बॉनेटकडे बघून म्हणाले. "मला मारायचं आहे का?"

ठक.

"नाही म्हणता? मग गप्प बसा."

पुन्हा वाकले. आता जुडग्याच्या वळणावर, जिथून वायर चार इंजेक्टरमध्ये वाटली जाते, तिथे हातदिव्याच्या प्रकाशात मला चिकटपट्टी दिसली. कंपनीची पट्टी उजवीकडे गुंडाळलेली असते. ही डावीकडे. आणि तिचं टोक दुमडून बारीक शेपटी ठेवलेली.

असं जगात एकच माणूस करायचा. बाबा डावखुरे. आणि पट्टीचं टोक ते नेहमी दुमडायचे, म्हणायचे, "पुढच्या माणसाचं नख मोडू नये." त्या शेपटीवरून आम्ही त्यांचं काम दहा गाड्यांत ओळखायचो.

मी बोट लावलं. ठक. दाबलं. ठक. ठक. ठक. दोन कधीच नाहीत, सगळे सुटे, एकेक. इंजिननं आचका दिला. तीन नंबरचा प्लग काढून त्यात छोटा टेस्ट दिवा लावला. लुकलुकला, लुकलुकला, विझला. पुढच्या क्षणी बाकीचे तिघंही गेले आणि गाडी बंद पडली. पुलावर पडली असेल तश्शी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडू नये असं मला वाटत होतं.

ते मदतीला आलेच नव्हते. झाकायला आले होते.

"बाबा," मी म्हणाले. "इथे तुम्ही जोड दिलाय ना? पीळ मारून? मला लहानपणी चापट मारून शिकवलंत, इंजिनजवळ नुसता पीळ मारायचा नाही, तिथे कथील वितळवून सोल्डरच. आणि स्वतः...? करू नंतर नीट, म्हणून सोडून दिलंत?"

ठक. हलकेच. जवळजवळ विनवणीसारखा.

"दादा तुमचं ओझं वाहतोय. झोपत नाही तो. तुम्हाला दिसतंय की नाही तिकडून? तुमचं नाव राहावं म्हणून त्याचा बळी? मी हे उघडणार. तुम्ही शटर पाडा, दिवे घालवा, नाहीतर छप्पर पाडा. उघडणार म्हणजे उघडणार."

हातदिवा विझला. वायरी चाचपण्यात दुपार सरली होती, शटरखालून मावळतीचा तांबूस पट्टा आत येत होता, तेवढ्यावर मी हात घातला. शेपटी सापडेना. मघाशी बाहेर होती, आता पट्टी माझ्या बोटांखाली घट्ट होत चालली होती, टोक आत आत जात होतं. मी नखानं उकरलं. नख मोडलं. आणि माझ्या हातावर एक हात आला.

थंड नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. उबदार, खरबरीत, अंगठ्यावर त्या जुन्या भाजल्याच्या डागाचा खवला. सायकल शिकवताना धरायचा तसाच हात. त्यानं माझी बोटं एकेक करून बाजूला करायला सुरुवात केली. मी रडत होते, मोठ्यानं, नाक गळत होतं. बाबांवर माझा फार जीव होता हो. पण सोडलं नाही. दातांनी धरली ती पट्टी, दातांनी! आणि मान मागे ओढली.

फाटली ती. हात गेला. दिवा आपोआप लागला.

आत पाच वायरी एकत्र पिळलेल्या होत्या, वीज आणणारी एक आणि तोट्यांकडे जाणाऱ्या चार. काळ्या पडलेल्या, जळलेल्या, बोट लावताच सैल हलणाऱ्या.

तेवढा तुकडा कापून मी नवीन वायर घातली, सोल्डर केली, वर रबरी नळी चढवली. गाडी तासभर चालली, एकही आचका नाही. सोमवारी नऊला भंगारवाला आला, त्याला आल्या पावली परत पाठवलं.

तो कापलेला तुकडा मी जेवणाच्या टेबलावर, बशीत ठेवला होता. सोमवारी सकाळी बघते, तर त्यावर नवीकोरी काळी पट्टी. डावीकडून गुंडाळलेली, टोक दुमडलेलं. मी ती सोडली. मंगळवारी पुन्हा. घरातली सगळी रिळं मी नेऊन फेकली. बुधवारी पुन्हा. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाबा," असं रोज सकाळी चहाआधी मी त्या रिकाम्या खोलीला सांगायचे आणि पट्टी सोडायचे.

दादाला फोटो पाठवला. उघड्या जोडाचा, माझ्या डोळ्यांनी बघून काढलेला. तो म्हणाला, "यात नुसती चिकटपट्टी दिसतेय गं." वर म्हणाला, "तू माझ्यासाठी रचू नकोस काही. आत्यानं स्वतः म्हटलं, की चूक माझी नव्हती, तरच मानेन मी."

घ्या! म्हणजे घोडं पेंड खायचं तिथेच खात होतं. आत्याला मी पुढच्या रविवारी चारला बोलावलं. येणार नाही अशीच माझी खात्री होती, पण ती साडेतीनलाच आली. आत येऊन बसली नाही, पाणी घेतलं नाही. पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"हे तू केलंस?" तिनं विचारलं.

तिचा फोन होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या पट्टीत आवळलेला. डावीकडून. टोक दुमडलेलं.

"सकाळी उशीखाली होता असा," आत्या म्हणाली. "मी एकटी राहते. दाराला आतून कडी होती..."

मी बशी तिच्यासमोर सरकवली. त्या दिवशीची पट्टी मी मुद्दाम सोडली नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत सोडली, आणि जळलेला जोड तिच्या तळहातावर ठेवला. मग सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. आत्या ऐंशीची आहे, ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

शेवटी म्हणाली, "शेजाऱ्यांची काच फोडली होती यानं, सात वर्षांचा असताना. मार मी खाल्ला. हा दाराआड उभा होता... काही बोलला नाही. मीही नाही बोलले. तेव्हापासून झाकतेच आहे मी." ती त्या जोडाकडे बघत राहिली. "त्या पोराला मी काय काय बोलले गं."

टेबलावर एकच टकटक झाली. आम्हा दोघींचे हात मांडीवर होते.

आत्यानं वर बघितलं. "आता पुरे हं," ती म्हणाली, लहान भावाला दटावतात तशी. फोनवरची दुमडलेली शेपटी चिमटीत धरली आणि चर्रकन ओढली.

सगळी पट्टी निघाल्यावर तिनं दादाला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. आत्यानं फोन स्पीकरवर टाकला. "बाळा," ती म्हणाली, "चूक तुझी नव्हती. चूक माझ्या भावाची होती. जोड मी हातात घेऊन बसलेय. मी सगळ्यांसमोर बोलले होते, आता सगळ्यांसमोर परत घेईन. ऐकतोयस ना?"

पलीकडे दादा रडताना ऐकू आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मीही रडले, आत्याही रडली, आणि मला वाटलं, सुटलो सगळे.

मग तो नाक ओढून म्हणाला, "आत्या... तिथे अजून कोण आहे?"

"आम्ही दोघीच," मी म्हणाले. "का रे?"

"मग मागे चिकटपट्टी कोण ओढतंय? रिळावरून... लांबच लांब. ऐकू नाही येत तुम्हाला?"

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. पण हात धुवायच्या पावडरीचा वास आला, माझ्या अगदी मानेपाशी. आत्या मागे वळायला लागली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"ओढू दे," मी म्हणाले. "किती ओढायची ती ओढू दे. आत्या, तू परत सांग त्याला. पहिल्यापासून. मोठ्यानं सांग."

आणि मी फोन उचलून तिच्या तोंडाजवळ धरला.